मिनियापोलिस–सेंट पॉलमधील हिवाळी शनिवार-रविवार : कला आणि मनोरंजनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील मिनेसोटा राज्यात मिसिसिपी नदीकाठी वसलेल्या मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत नोकरी-शिक्षणासाठी नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांकडून दरवर्षी दिवाळी सरली की जवळजवळ तेच प्रश्न येतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ डोळ्यांसमोर ठेवला आहे. तारखा आणि तिकिटांचे दर वर्षागणिक बदलत असल्यामुळे ते दिलेले नाहीत. आयोजकांच्या अधिकृत सूचना पाहूनच बेत आखावा.

येथील हिवाळा नेमका किती कडक असतो? अशा थंडीत कोणी घराबाहेर पडते का?

जानेवारीत दिवसाचे सरासरी कमाल तापमान उणे ५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि रात्रीचे किमान उणे १३ च्या आसपास असते. मोसमात सरासरी पन्नास इंचांहून थोडा अधिक हिम पडतो. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि नवख्या माणसाला थंडीपेक्षा हा लवकर पडणारा अंधारच अधिक जाचतो, असा माझा अनुभव आहे.

तरीही लोक बाहेर पडतात, आणि केवळ एका जागेतून दुसऱ्या जागेत जाण्यापुरते नव्हे. या शहरांचे वैशिष्ट्य असे की येथील काही सर्वोत्तम कलाविष्कार हिवाळ्यातच आणि हिवाळ्याच्याच सामग्रीतून, म्हणजे गोठलेला तलाव, कापलेला बर्फ, साचलेला हिम आणि लांबलेली रात्र यांतून, उभे राहतात. माझा पहिला हिवाळा मी घरात बसून, खिडकीतून पाहत, मार्चची वाट बघण्यात घालवला. त्या तीन महिन्यांची हळहळ मला अजून वाटते, आणि ही उत्तरे लिहिण्याचे खरे कारणही तेच आहे.

सेंट पॉलचा विंटर कार्निव्हल काय आहे? तो कसा सुरू झाला?

१८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वार्ताहराने सेंट पॉल म्हणजे दुसरा सायबेरियाच, हिवाळ्यात माणसांनी राहण्यास अयोग्य, अशा अर्थाचे लिहिले. ते गावातील व्यापारी आणि प्रतिष्ठित नागरिकांच्या जिव्हारी लागले, आणि लेखाने उत्तर देण्याऐवजी त्यांनी १८८६ च्या हिवाळ्यात उत्सवच भरवला. त्याच सुमारास कॅनडातील माँट्रिऑल शहरात देवीच्या साथीमुळे तेथील हिवाळी उत्सव होऊ शकला नव्हता. त्यामुळे बर्फाचे महाल उभारण्यात तरबेज असलेले तेथील कारागीर सेंट पॉलला मिळाले आणि पहिल्याच वर्षी शहरात बर्फाचा भव्य महाल उभा राहिला. पुढे उत्सवात अनेक वर्षांचे खंड पडले. १९१६ मध्ये रेल्वे उद्योगातील लुई हिल यांनी त्याला नवा जोम दिला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो नियमितपणे होऊ लागला.

हा उत्सव सहसा जानेवारीच्या उत्तरार्धात सुरू होऊन फेब्रुवारीच्या प्रारंभापर्यंत चालतो. त्याच्यामागे एक रचलेली पुराणकथा आहे. वाऱ्यांचा राजा बोरियस सेंट पॉलला आपली हिवाळी राजधानी ठरवतो आणि उत्सव मांडतो. अग्नीचा राजा व्हल्कनस रेक्स आपल्या लाल वेशातील साथीदारांसह त्यावर चालून येतो. आणि अखेरीस हिमराणीच्या सल्ल्याने बोरियस माघार घेतो, म्हणजेच थंडी उन्हाळ्याला वाट करून देते. पहिली मोठी मिरवणूक दिवसा निघते आणि शेवटची अंधार पडल्यावर निघते. या दुसऱ्या मिरवणुकीत व्हल्कनचा विजय साजरा होतो. त्याचे गडी पूर्वापार प्रेक्षकांच्या गालावर काजळासारखा काळा ठसा उमटवत आले आहेत. ही रात्रीची मिरवणूक पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला गावाकडची हुताशनी आठवली. दोन्ही उत्सवांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, परंतु सरत्या थंडीला अग्नीच्या साक्षीने निरोप देण्याची माणसाची ओढ दोन्हींकडे तीच आहे. मिरवणुकींना तिकीट लागत नाही. एकच पाहणे शक्य असेल तर रात्रीची पाहावी.

बर्फाचा महाल दरवर्षी पाहायला मिळतो का?

नाही, आणि याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहे. जुन्या छायाचित्रांत दिसणारे प्रचंड महाल मोजक्याच वर्षी बांधले गेले. त्यांना येणारा खर्च मोठा असतो आणि हवामानाची हमी नसते. अलीकडच्या काळातील मोठा महाल २०१८ मध्ये राइस पार्क या चौकात उभारला गेला, त्याची उंची सुमारे ७० फूट होती. त्या वर्षी अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना मिनियापोलिसमध्ये असल्यामुळे शहरात पाहुण्यांची रीघ लागलेली होती. त्याआधीचा भव्य महाल २००४ चा.

दरवर्षी जे हमखास पाहण्यासारखे असते ते म्हणजे बर्फातील शिल्पे. बर्फशिल्पकार करवत, छिन्नी आणि यंत्राच्या साहाय्याने पारदर्शक लाद्यांतून पक्षी, घोडे, मानवी आकृती घडवतात. दोन लाद्या जोडण्यासाठी पाणी किंवा ओला हिमचुरा पुरतो, कारण तो क्षणात गोठून सांधा पक्का होतो. शिल्पे घडत असताना पाहायला जाणे हे घडून झाल्यावर पाहण्यापेक्षा कितीतरी चांगले. दाबून घट्ट केलेल्या हिमाच्या मोठ्या ठोकळ्यांतून कोरलेली हिमशिल्पे ही त्याहून वेगळी कला आहे. त्यात पारदर्शकता नसते, सावली असते. सेंट क्रॉय नदीकाठच्या स्टिलवॉटर या जुन्या गावात २०२२ पासून जानेवारीत जागतिक हिमशिल्प स्पर्धा होते आणि तेथे देशोदेशीचे संघ येतात. सेंट पॉलहून गाडीने साधारण अर्ध्या तासाचे अंतर आहे. ऊन तिरपे असते तेव्हा, म्हणजे सकाळी लवकर किंवा दुपारी साडेतीननंतर, ही शिल्पे सर्वांत उठून दिसतात.

कार्निव्हलमधील पदकाचा शोध हा काय प्रकार आहे?

सेंट पॉलचे दैनिक पायोनियर प्रेस १९५२ पासून हा खेळ चालवत आले आहे. सेंट पॉल ज्या रॅमझी परगण्यात आहे, तेथील एखाद्या सार्वजनिक उद्यानात एक लहानसे पदक दडवले जाते आणि रोज एक, अशा जास्तीत जास्त बारा पद्यमय खुणा छापल्या जातात. शोधणाऱ्यास काही अटी पूर्ण केल्यास दहा हजार डॉलरपर्यंतचे बक्षीस मिळते. लोक फावडी घेऊन मध्यरात्री बागा उकरतात. खुणांमध्ये शहराच्या इतिहासाचे आणि रस्त्यांच्या जुन्या नावांचे संदर्भ असतात, त्यामुळे नव्या माणसाला पदक सापडण्याची शक्यता कमी. पण ज्याला आपले नवे शहर समजून घ्यायचे आहे, त्याने त्या खुणा जरूर वाचाव्यात.

गोठलेल्या तलावावर कलाप्रदर्शन भरते, असे ऐकले. ते खरे आहे का?

खरे आहे, आणि मला विचाराल तर या शहरांचा हिवाळा कशाने ओळखावा, तर याने. उपक्रमाचे नाव आर्ट शँटी प्रोजेक्ट्स. येथे हिवाळ्यात तलाव गोठला की मासेमारी करणारे लोक बर्फावर लाकडी खोपटी नेऊन ठेवतात, बर्फाला भोक पाडतात आणि आत बसून गळ टाकतात; या खोपट्यालाच शँटी म्हणतात. २००४ मध्ये काही कलावंतांनी हीच कल्पना उचलली आणि मेडिसिन लेक या तलावावर खोपटी उभारली, ती माशांसाठी नव्हे, कलेसाठी. पुढे हा उपक्रम व्हाइट बेअर लेकवर गेला आणि नंतर मिनियापोलिस शहरातीलच लेक हॅरिएट या तलावावर आला. या तलावाला येथील मूळ रहिवासी असलेल्या डकोटा लोकांच्या भाषेत ब्दे उन्मा असे नाव आहे, आणि आयोजकही ते नाव आवर्जून वापरतात.

जानेवारीच्या उत्तरार्धापासून काही आठवडे, केवळ शनिवारी आणि रविवारी, दिवसाउजेडी हे गाव बर्फावर वसते. प्रत्येक खोपटे वेगळ्या कलावंताचे वा गटाचे असते. एखाद्यात आपणच वाजवायची वाद्ये असतात, एखाद्यात टपाल लिहायला कागद, एखाद्यात नुसता अंधार आणि आवाज. कलावंत खोपट्यातच असतात, ते आपल्याशी बोलतात, आणि आपण काहीतरी करावे अशी त्यांची अपेक्षा असते. नुसते पाहून पुढे जाणाऱ्याला येथील अर्धेच मिळते. बाहेर मोकळ्या बर्फावर नाच, कठपुतळ्या आणि लहानमोठे प्रयोग चालू असतात. प्रवेशासाठी ठरावीक शुल्काची सक्ती नसते, ऐपतीप्रमाणे देणगी द्यावी असे सांगितले जाते. ती अवश्य द्यावी, कारण कलावंतांचे मानधन त्यावर अवलंबून असते.

या उपक्रमाची सारी मदार बर्फाच्या जाडीवर आहे, हे लक्षात ठेवावे. बर्फ पुरेसा धरला नाही तर खोपटी तलावाच्या काठावर मांडावी लागतात, आणि २०२४ च्या असाधारण उबदार हिवाळ्यात तर उपक्रम ठरल्याहून लवकर गुंडाळावा लागला. म्हणूनच माझा आग्रह असा की, पहिल्या शनिवारी जमत असेल तर दुसऱ्या शनिवारची वाट पाहू नये.

गोठलेल्या तलावावर चालणे सुरक्षित असते का?

राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या मार्गदर्शनानुसार पायी चालण्यासाठी किमान ४ इंच जाडीचा, नवा आणि स्वच्छ पारदर्शक बर्फ लागतो. पांढरट, हिम मिसळून झालेला बर्फ याच्या सुमारे निम्माच भक्कम असतो, म्हणून तो दुप्पट जाड असावा लागतो. प्रवाह जेथे येऊन मिळतो तेथे आणि पुलाखाली बर्फ नेहमीच पातळ राहतो. आयोजित कार्यक्रमाच्या वेळी आयोजक बर्फाची जाडी मोजूनच परवानगी देतात, तेव्हा तेथे निर्धास्त जावे. स्वतःच्या अंदाजाने, ओळखीचे कोणी चालताना दिसत नसताना, विशेषतः डिसेंबरच्या आरंभी वा मार्चमध्ये, तलावावर पाऊल टाकू नये. मुलांना हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

रात्री तलावावर दिवे लावतात, तो कार्यक्रम कोणता?

तो ल्युमिनरी लॉपेट. फेब्रुवारीच्या सुरुवातीस लेक ऑफ द आइल्स या तलावावर बर्फाच्या पोकळ कंदिलांत मेणबत्त्या लावून वाट आखली जाते. असे हजाराहून अधिक दिवे असतात. कंदील बनवण्याची रीत सोपी आहे: बादलीत पाणी भरून बाहेर ठेवले की कडेचे पाणी आधी गोठते, मधले ओतून टाकले की उरतो तो बर्फाचा कंदील. घरी मुलांना घेऊन अवश्य करून पाहावा. उणे दहा अंशांच्या रात्री उंबरठ्याबाहेर असा दिवा तेवताना पाहिला की, आकाशकंदील उतरवल्यापासून दाराशी जी पोकळी जाणवत असते ती भरून निघते.

कार्यक्रमाला तिकीट लागते आणि ती आधीच संपतात. वाट काही मैलांची असते, म्हणून बूट चांगले हवेत. काही जण स्कीवर येतात, बहुतेक जण चालतात.

थंडी असह्य असेल तर कोणती कलासंग्रहालये पाहावीत? त्यांपैकी मोफत कोणती?

मिनियापोलिस इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट, ज्याला सारे जण मिया म्हणतात, हे पहिले नाव. १९१५ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात नव्वद हजारांहून अधिक कलावस्तू आहेत आणि सर्वसाधारण प्रवेश मोफत आहे. काही विशेष प्रदर्शनांना मात्र तिकीट असते. रेम्ब्रँटने १६६६ मध्ये रंगवलेली ल्युक्रेशिया येथे आहे. त्या एका चित्रासमोर अर्धा तास उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत. आशियाई दालनांत दक्षिण भारतातील चोळकालीन कांस्य नटराज आहे. बाहेर हिमवादळ घोंगावत असताना शांत दालनात त्या मूर्तीसमोर उभे राहणे हा परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी निराळाच अनुभव असतो. एकाच दिवसात सारे पाहण्याचा अट्टहास करू नये. प्रवेश मोफत असल्याचा खरा लाभ हाच की, प्रत्येक खेपेस दोनच दालने पाहता येतात.

वॉकर आर्ट सेंटर आधुनिक आणि समकालीन कलेसाठी ओळखले जाते. गुरुवारची संध्याकाळ आणि महिन्याचा पहिला शनिवार येथे मोफत प्रवेशाचे म्हणून प्रसिद्ध आहेत. दर जानेवारीत येथे आउट देअर ही प्रायोगिक रंगमंचीय प्रयोगांची मालिका होते. ज्यांना छबिलदासच्या चळवळीचे आणि प्रायोगिक नाटकांचे आकर्षण आहे, त्यांनी ती चुकवू नये. समोरच्या शिल्पउद्यानाला तिकीट नाही. तेथे क्लेस ओल्डेनबर्ग आणि कूझ्ये फान ब्रुगेन यांनी घडवलेला, सुमारे पन्नास फूट लांबीचा चमचा आणि त्याच्या टोकावरील लाल चेरी १९८८ पासून आहे. उन्हाळ्यात तिच्यातून पाणी वाहते, हिवाळ्यात ते बंद असते. पण ताज्या हिमानंतरच्या सकाळी पांढऱ्या पार्श्वभूमीवर ती लाल चेरी जशी दिसते, तशी ती जुलैत दिसत नाही.

मिनेसोटा विद्यापीठाच्या आवारातील वाइझमन संग्रहालयही मोफत आहे. फ्रँक गेरी यांनी रचलेली त्याची पोलादी वळणांची इमारत १९९३ ची.

नाटके पाहायची आहेत. गथ्री थिएटरखेरीज आणखी कोणती नाट्यगृहे आहेत?

मराठी माणसाला नाटकाचे वेड असते आणि या शहरांनाही आहे, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देतो.

टायरोन गथ्री या दिग्दर्शकाने १९६३ मध्ये येथे नाट्यगृह स्थापन केले, त्यामागचा विचार असा होता की, उत्तम अभिजात नाटक न्यूयॉर्कच्या व्यावसायिक गणितांपासून दूर, स्वतःच्या कायमस्वरूपी नटसंचासह करता यावे. आज अमेरिकेत ठिकठिकाणी जी ना-नफा तत्त्वावरील नाट्यगृहे दिसतात, त्यांच्या चळवळीत या प्रयोगाचा वाटा मोठा आहे. २००६ पासून गथ्री मिसिसिपीकाठच्या, फ्रेंच वास्तुकार झाँ नुव्हेल यांनी रचलेल्या गडद निळ्या इमारतीत आहे. तीन रंगमंच आहेत. त्यांतील मुख्य रंगमंच प्रेक्षकांमध्ये पुढे आलेला आहे, त्यामुळे नट तीन बाजूंनी दिसतात. नाताळच्या सुमारास डिकन्सच्या प्रसिद्ध नाताळकथेचे नाट्यरूप येथे १९७५ पासून होत आले आहे आणि अनेक कुटुंबांचा तो वार्षिक नेम आहे.

तिकीट नसले तरी इमारतीत जाता येते, हे फार थोड्या नवागतांना ठाऊक असते. नदीच्या दिशेने सुमारे १७८ फूट अधांतरी बाहेर आलेला सज्जा, ज्याला ते अंतहीन पूल म्हणतात, तेथून सेंट अँथनी धबधबा आणि जुन्या पीठगिरण्यांचे अवशेष दिसतात. नवव्या मजल्यावर पिवळ्या काचांचे दालन आहे. तेथून पाहिले की खालचे हिमाच्छादित शहर उन्हाळी सायंकाळच्या प्रकाशात न्हाल्यासारखे भासते. जानेवारीच्या करड्या दुपारी मी केवळ त्यासाठी तेथे जातो.

परंतु गथ्रीवरच थांबू नये. सेंट पॉलमधील पेनम्ब्रा थिएटर १९७६ पासून कृष्णवर्णीय अमेरिकनांचे जीवन रंगमंचावर आणत आहे. नाटककार ऑगस्ट विल्सन सेंट पॉलमध्ये राहत असताना त्यांच्या सुरुवातीच्या लेखनाला या संस्थेने आधार दिला. मिक्स्ड ब्लड थिएटर हेही १९७६ चेच. एका जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत चालते आणि पैशांअभावी कोणी परत जाऊ नये अशी त्यांची भूमिका आहे. ज्यांची पावले मोठ्या नाट्यगृहाकडेच वळतात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, मोसमातून एकदा तरी या दोहोंपैकी एका ठिकाणी जावे. अमेरिका समजून घेण्याचा याहून थेट मार्ग मला सापडलेला नाही.

भाषेची अडचण वाटत असेल तर अनेक नाट्यगृहांत ठरावीक प्रयोगांना पडद्यावर संवाद लिहून येतात. आरक्षण करताना तशी चौकशी करावी.

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत कधी ऐकलेले नाही. सुरुवात कोठून करावी?

सेंट पॉल चेंबर ऑर्केस्ट्रापासून. १९५९ मध्ये स्थापन झालेला हा तुलनेने लहान वाद्यवृंद आहे. त्यामुळे प्रत्येक वाद्याचा स्वर वेगळा ओळखता येतो आणि आपल्या बैठकीच्या मैफलीची सवय असलेल्या कानाला तो लवकर आपलासा वाटतो. त्यांचे कार्यक्रम सेंट पॉलच्या ऑर्डवे सभागृहात तर होतातच, शिवाय उपनगरांतील चर्चमध्येही होतात, आणि मुले व विद्यार्थी यांच्यासाठी तिकिटे मोफत ठेवण्याचे त्यांचे धोरण आहे. १९०३ पासूनचा मिनेसोटा ऑर्केस्ट्रा मात्र मोठा वाद्यवृंद. मिनियापोलिसच्या निकोलेट मॉलवरील त्याचे सभागृह १९७४ चे आहे. रंगमंचामागच्या भिंतीवर आणि छतावर मोठमोठे घनाकार ठोकळे तिरपे बसवलेले आहेत, ते शोभेसाठी नसून ध्वनी सर्वत्र सारखा पोचावा म्हणून आहेत.

एक सूचना : रचनेचे भाग संपताना मध्ये टाळ्या वाजवण्याची रीत नाही, संपूर्ण रचना संपल्यावर वाजवतात. आपल्याकडे समेवर दाद देण्याची सवय असल्यामुळे हे आधी ठाऊक असलेले बरे.

फर्स्ट ॲव्हेन्यू हे ठिकाण एवढे प्रसिद्ध का आहे?

मिनियापोलिसमध्ये जन्मलेला गायक-वादक प्रिन्स याच्यामुळे. १९३७ मध्ये बांधलेल्या बस स्थानकाच्या इमारतीत १९७० मध्ये हे संगीतगृह सुरू झाले. १९८० च्या दशकात प्रिन्सचे येथील कार्यक्रम आणि येथेच चित्रित झालेला त्याचा चित्रपट यांमुळे ते जगाला माहीत झाले. बाहेरच्या काळ्या भिंतीवर येथे गायलेल्या कलावंतांच्या नावांचे तारे रंगवलेले आहेत. कार्यक्रम बहुधा उभे राहून ऐकावे लागतात आणि काहींना वयाची अट असते. चॅनहॅसन येथील प्रिन्सचे घर-नि-स्टुडिओ, पेझली पार्क, २०१६ मधील त्याच्या निधनानंतर त्याच वर्षी संग्रहालय म्हणून खुले झाले.

भारतीय कला आणि मराठी कार्यक्रम हिवाळ्यात असतात का?

असतात. राणी रामस्वामी यांनी १९९२ मध्ये मिनियापोलिसमध्ये स्थापन केलेली रागमाला ही भरतनाट्यम् संस्था आज अमेरिकेतील अग्रगण्य नृत्यसंस्थांत गणली जाते. त्या आणि त्यांच्या कन्या अपर्णा व अश्विनी अलारमेल वल्ली यांच्या परंपरेत शिकल्या. कथकसाठी रीता मुस्तफी यांची कथा डान्स थिएटर आहे, नाटकासाठी दीपांकर मुखर्जी आणि मीना नटराजन यांचे पँजिया वर्ल्ड थिएटर आहे, आणि इंडियन म्युझिक सोसायटी ऑफ मिनेसोटा हिंदुस्थानी व कर्नाटक संगीताच्या मैफली भरवते.

मराठी असोसिएशन ऑफ मिनेसोटा ही येथील मराठी मंडळींची संस्था. संक्रांत साधारणपणे १४ जानेवारीला, म्हणजे ऐन कडाक्यात येते, आणि आठवड्याच्या मध्ये आली तर सण जवळच्या शनिवार-रविवारी साजरा होतो. जाड कोटांचा ढीग एका खोलीत, काळ्या साड्यांचे हळदीकुंकू दुसऱ्या खोलीत, हे दृश्य येथील प्रत्येक मराठी बाईच्या ओळखीचे आहे. काळा रंग ऊब धरून ठेवतो म्हणून संक्रांतीला काळे नेसावे, ही आजीची शिकवण उणे वीस अंशांत जितकी पटते तितकी पुण्यात कधी पटली नव्हती.

लहान मुलांसाठी काय आहे?

मियाला लागूनच चिल्ड्रन्स थिएटर कंपनी आहे. मुलांसाठीच्या नाटकाला तिने प्रौढ नाटकाइतकी गंभीर मेहनत दिली आणि २००३ मध्ये तिला प्रादेशिक नाट्यगृहासाठीचा टोनी पुरस्कार मिळाला. सेंट पॉलच्या कोमो पार्कमधील १९१५ च्या काचगृहात ताड, नेचे आणि फुलांचे ताटवे आहेत. प्रवेशाला ऐच्छिक देणगी पुरते. दार उघडताच चष्म्यावर वाफ धरते आणि ओल्या मातीचा वास येतो. जूनमधील कोकणाची आठवण येणाऱ्यांनी रविवारी सकाळी तेथे जाऊन नुसते बाकावर बसावे.

भारतातून आलेले आई-बाबा येथे आहेत. त्यांना बाहेर नेता येईल का?

नक्कीच, परंतु एका दिवसात एकच ठिकाण ठरवावे. अंगात एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ थर घालणे चांगले : आत घाम धरून न ठेवणारे, मध्ये लोकरीचे, वर वारा अडवणारे. सुती पायमोजे टाळावेत, कारण ते ओले झाले की पाय गारठतात. तापमानाच्या आकड्याबरोबर वाऱ्याचा परिणाम धरून सांगितलेला आकडाही पाहावा. तो उणे २८ सेल्सिअसच्या खाली गेला तर उघड्या त्वचेला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो, आणि त्या दिवशी वडीलधाऱ्यांना बाहेरच्या कार्यक्रमाला नेऊ नये. बुटांखाली लावायचे रबरी काटे मिळतात. हिमापेक्षा निसरडा बर्फ अधिक घातक असतो, आणि वयस्कर माणसांच्या बाबतीत हा खर्च टाळू नये.

मिनियापोलिसच्या मध्यवस्तीत इमारतींना दुसऱ्या मजल्यावरून जोडणारे बंदिस्त पादचारी पूल आहेत. त्यांना स्कायवे म्हणतात. १९६२ मध्ये पहिला पूल झाला आणि आज हे जाळे सुमारे साडेनऊ मैलांचे आहे. मात्र शनिवार-रविवारी ते लवकर बंद होतात, आणि रविवारी तर काही भाग उघडतच नाहीत, हे नाटकाला निघण्यापूर्वी तपासावे.

स्वतःची गाडी न्यावी की रेल्वे?

मध्यवस्तीतील कार्यक्रमांना रेल्वे उत्तम. विमानतळ आणि मिनियापोलिस यांना जोडणारा ब्लू लाइन मार्ग २००४ पासून, तर दोन्ही शहरांना जोडणारा ग्रीन लाइन मार्ग २०१४ पासून चालू आहे. तलावांकडे आणि स्टिलवॉटरकडे जाण्यासाठी गाडीच हवी.

गाडी रस्त्यावर लावणार असाल तर स्नो इमर्जन्सी हे शब्द पाठ करावेत. मोठा हिम पडला की रस्ते साफ करण्यासाठी नगरपालिका ही घोषणा करते आणि कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला कधी गाडी लावता येणार नाही याचे नियम लागू होतात. दोन्ही शहरांचे नियम वेगवेगळे आहेत. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात एका मैफलीहून परतल्यावर गाडी जागेवर नव्हती. ती परत मिळवण्यासाठी दंड भरावा लागला आणि रविवारची सारी सकाळ गेली. दोन्ही नगरपालिका दूरध्वनी संदेशाने सूचना पाठवतात, त्यासाठी नाव नोंदवून ठेवावे.

जवळ एकच शनिवार-रविवार असेल तर काय पाहावे?

जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारीचा आरंभ निवडावा. शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास लेक हॅरिएटवरील खोपट्यांत जावे, कारण दुपारनंतर गर्दी वाढते आणि वाराही. तेथून जेवायला मिडटाउन ग्लोबल मार्केटला जावे. सिअर्स कंपनीच्या जुन्या अवाढव्य इमारतीत २००६ पासून भरणाऱ्या या बंदिस्त बाजारात मेक्सिकन, सोमाली, आशियाई अशी सर्व तऱ्हेची खाणी एका छताखाली मिळतात. दुपारी जवळच्याच मियामध्ये दोन दालने पाहावीत, संध्याकाळी सेंट पॉलला राइस पार्कमध्ये बर्फशिल्पे पाहून समोरच्या ऑर्डवेमध्ये काही कार्यक्रम असेल तर तो ऐकावा. रविवारी सकाळी कोमोचे काचगृह आणि दुपारी गथ्रीचा प्रयोग.

शनिवारी तापमान उणे पंचवीस असल्याचे कळले तर दोन दिवसांची अदलाबदल करावी, पण तलाव यादीतून काढू नये; मिया आणि कोमो पुढच्या वर्षीही तेथेच असतील. निघताना पिशवीत प्रत्येकासाठी एक जास्तीचा पायमोज्यांचा जोड, हातमोज्यांत ठेवायच्या गरम होणाऱ्या पुड्या आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा असू द्यावा. खोपट्यांतील कलावंत दिवसभर बर्फावर उभे असतात. एखादा पेला त्यांनाही द्यावा.